नुसतं ‘फेल’ लिहून कसं चालेल?

मंडळी, सेकंड इयरला माझा एम-थ्री उडाला होता. (लपवण्यात अर्थ नाही, अर्ध्या हॉस्टेलला माहीत आहे.) मार्कशीटवर त्या विषयासमोर एकच अक्षर होतं, ‘एफ’. त्या एका अक्षराकडे बघत मी दोन दिवस डोकं धरून बसलो. पेपर तर बरा गेला होता! मग गेलं कुठे? लाप्लास गेलं, की फूरियर गेलं, की मुळात अभ्यासच गेला? शेवटी पैसे भरून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली. तेव्हा कळलं, की दोन मोठ्या गणितांत तिसऱ्याच ओळीत वजाचं चिन्ह खाल्लं होतं आणि पुढची दोन पानं मी प्रचंड आत्मविश्वासाने चुकीची सोडवली होती. मार्कशीटने निकाल सांगितला, कारण सांगितलं फोटोकॉपीने. पुढच्या वेळी विषय सुटला तो या फोटोकॉपीमुळे.

एवढा धडा घेतलेल्या माणसाने पुढे तीच चूक दुसऱ्याच्या बाबतीत करू नये, अशी अपेक्षा होती. पण मी केली. या लेखात तीच गोष्ट सांगायची आहे, आणि त्या निमित्ताने सॉफ्टवेअरच्या टेस्टचा लॉग कसा असावा यावर माझं मतही मांडायचं आहे. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मित्रांनी लगेच पान उलटू नये. गोष्ट मेसच्या खाड्याची आहे, म्हणजे सगळ्यांच्याच पोटाची आहे.

आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणजे हॉस्टेल मेसचं अ‍ॅप. ज्या दिवशी जेवायचं नाही त्या दिवशी सकाळी आठच्या आत अ‍ॅपवर खाडा टाकायचा. महिन्याच्या शेवटी तेवढे पैसे बिलातून वजा. वहीत खाडा लिहायचा आणि मग महिनाअखेरीस मेसवाल्या मामांशी हुज्जत घालायची, हा त्रास संपावा एवढाच उदात्त हेतू होता. ग्रुपमध्ये आम्ही चौघं. लीडर मॅडम, डिझाइनवाला, मी, आणि ज्याला सगळं हॉस्टेल ‘घुबड’ म्हणतं तो आमचा चौथा पार्टनर. दिवसा लेक्चरला डुलक्या आणि रात्री बारानंतर कोडिंग, असा त्याचा दिनक्रम. कोड मात्र आमच्यात सगळ्यात चांगला तोच लिहायचा.

टेस्टचं काम माझ्याकडे होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रोग्रॅम नीट चालतो का हे तपासायला दुसरे छोटे प्रोग्रॅम लिहितात, त्यांना टेस्ट म्हणतात. अशा पुष्कळ टेस्ट एकत्र केल्या की झाला टेस्ट सूट. कोडमध्ये काहीही बदल केला की पूर्ण सूट चालवायचा, सगळं पास झालं तरच बदल पुढे पाठवायचा. मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. कोणीही आपल्या लॅपटॉपवर सूट चालवला, की आमच्या सगळ्यांच्या सामायिक शीटमध्ये आपोआप एक ओळ पडायची: तारीख, नाव, पास किंवा फेल. बस्स. बाकी जे काही स्क्रीनवर यायचं ते मी फेकून देत होतो. शीट कशी स्वच्छ दिसली पाहिजे! पासला हिरवा रंग, फेलला लाल. सरांनीही पहिल्या रिव्ह्यूला कौतुक केलं होतं.

दोन महिन्यांनी शीटवर नजर टाकली तर २२ लाल ओळी होत्या. त्यांतल्या १९ ओळींसमोर एकच नाव, घुबडाचं.

आम्ही त्याला विचारलं. तो म्हणाला, “अरे, रात्री फेल होतात, सकाळी त्याच टेस्ट पास होतात. मी काहीच बदलत नाही.” आता हे वाक्य कोण ऐकून घेणार? ‘माझ्या मशीनवर चालतंय’ ही आमच्या ब्रँचची सर्वांत जुनी थाप. लीडर मॅडमनी त्याला सरळ सुनावलं, “झोपेत कोडिंग केलं की असंच होणार.” मीही मान डोलावली. पुढच्या रिव्ह्यूला सरांनी शीट उघडली, लाल ओळींवरून पेन फिरवलं आणि विचारलं, “याचं काँट्रिब्यूशन नक्की काय आहे?” टर्मवर्कचे मार्क प्रत्येकाला वेगळे मिळतात. घुबड काही बोलला नाही. त्या दिवसापासून तो आमच्याबरोबर कॅन्टीनला यायचा बंद झाला. रात्री कोड मात्र येत राहिला, आणि लाल ओळीही येत राहिल्या.

मग एकदा सबमिशनच्या आठवड्यात मी जागा होतो. रात्रीचा सव्वा वाजला होता. मी फक्त माहितीच्या फाइलमधली एक स्पेलिंग मिस्टेक सुधारली. कोडच्या एका अक्षराला हात लावला नव्हता. सवयीने सूट चालवला. फेल! शीटमध्ये लाल ओळ पडली आणि तिच्यासमोर माझं नाव. पुन्हा चालवला. पुन्हा फेल. डोकं आऊट झालं म्हणून झोपलो. सकाळी सातला उठून तोच कोड, तोच लॅपटॉप, तीच टेस्ट चालवली, तर पास!

खरं सांगतो, त्या सकाळी मला बग सापडल्याचा आनंद झाला नाही. पोटात गोळा आला. घुबड दोन महिने हेच तर सांगत होता.

त्या रात्री मुद्दाम बाराला बसलो आणि स्क्रिप्टमध्ये मी जे फेकून देत होतो ते सगळं छापायला लावलं. दहा मिनिटांत उत्तर मिळालं. टेस्ट अशी होती: ‘आजचा खाडा टाक, मग आजच्या तारखेची यादी माग, तिच्यात एक नाव आलं पाहिजे.’ खाडा टाकताना तारीख सर्व्हर लावायचा, आणि यादी मागताना तारीख लॅपटॉप द्यायचा. आमचा सर्व्हर फुकटातला, क्लाउडवरचा. त्याचं घड्याळ जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर. आपली वेळ त्याच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. त्यामुळे रात्री १२ ते पहाटे साडेपाचपर्यंत लॅपटॉपवर नवी तारीख लागलेली असते आणि सर्व्हरवर मात्र आदलाच दिवस चालू असतो. खाडा कालच्या तारखेला पडायचा, यादी आजची मागितली जायची, आणि यादी रिकामी यायची. दिवसा चालवा, पास. मध्यरात्रीनंतर चालवा, हमखास फेल. उत्तर त्याच्या टोपणनावातच होतं आणि आम्ही ते रोज हाक मारताना वापरत होतो!

बरं, टेस्ट चुकीची होती असंही नाही. टेस्ट अगदी बरोबर ओरडत होती. खरोखरच्या अ‍ॅपमध्ये एखाद्याने रात्री एक वाजता आजचा खाडा टाकला असता, तर तो कालच्या दिवसाला लागला असता आणि आजचे पैसे विनाकारण कापले गेले असते. हॉस्टेलमध्ये खाडे टाकले कधी जातात? रात्री एकलाच! म्हणजे अ‍ॅपमधली सर्वांत मोठी चूक आमच्या टेस्टने पहिल्या आठवड्यात पकडली होती आणि आम्ही ती माणसाच्या नावावर जमा करून मोकळे झालो होतो.

माझ्या शीटमध्ये ‘कोण’ होतं. ‘किती वाजता’ नव्हतं, ‘काय मागितलं’ नव्हतं, ‘काय मिळालं’ नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या नोंदीत कोणाच्या हातून झालं ते असतं आणि कसं झालं ते नसतं, तिला लॉग म्हणू नये. ती तक्रारवही झाली. कारण मिळालं नाही की माणूस गुन्हेगार शोधतो, आणि जे एकमेव नाव समोर असतं त्याच्यावर शिक्का मारतो.

त्या शनिवारी घरी गेलो. माझे बाबा ३३ केव्हीच्या सबस्टेशनवर ऑपरेटर आहेत. (२००५ साली एमएसईबीची विभागणी होऊन महावितरण झालं, पण आमच्याकडे अजून सगळे एमएसईबीच म्हणतात.) त्यांना हा किस्सा सांगितला. ते हसले आणि म्हणाले, “तुमच्याकडे लॉगशीट नाही का?” सबस्टेशनवर दर तासाला रीडिंग लिहावं लागतं: व्होल्टेज, प्रत्येक फीडरचा लोड, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान. आणि एखादा फीडर ट्रिप झाला, की किती वाजून किती मिनिटांनी झाला, कोणत्या रिलेने झाला, ओव्हरकरंट की अर्थ फॉल्ट, कोणती फेज, आधी लोड किती होता, पाऊसवारा होता का, परत चालू कधी केला, हे सगळं.

“एवढं कशाला लिहायचं?” मी विचारलं.

“अरे, रात्रपाळीवाला सकाळी घरी जाऊन झोपतो. लाइनमन येतो त्याला रजिस्टरच सांगतं, फॉल्ट शोधायला निघायचं कुठून. नुसतं ‘फीडर गेला’ लिहिलं तर तो बिचारा सगळी लाइन चालत बसेल. आणि एक लक्षात ठेव. रिलेचा फ्लॅग पडला की आधी बघून लिहायचं, मग रीसेट करायचं. आधी रीसेट केलंस तर पुरावा गेला.”

आधी लिहायचं, मग रीसेट. चार वर्षांच्या इंजिनीअरिंगमध्ये मला हे कोणी इतक्या कमी शब्दांत शिकवलं नव्हतं. आम्ही तर टेस्ट फेल झाली की पहिलं काम करतो ते पुन्हा चालवायचं!

योगायोग बघा. कॉम्प्युटरच्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध लॉगची नोंदसुद्धा रिलेचीच आहे. १९४७ साली हार्वर्ड विद्यापीठात मार्क-टू नावाचं रिलेवर चालणारं अवाढव्य यंत्र होतं. ९ सप्टेंबरला दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी त्यावर बेरजेच्या यंत्रणेची टेस्ट सुरू केली, आणि ३ वाजून ४५ मिनिटांनी एफ पॅनेलच्या ७० नंबरच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. ऑपरेटरने तो पतंग चिकटपट्टीने वहीतच चिकटवला आणि खाली लिहिलं, की खराखुरा बग सापडल्याची ही पहिलीच वेळ. हा किस्सा ग्रेस हॉपरबाईंनी जगभर सांगितला म्हणून त्यांच्या नावावर खपतो. ‘बग’ हा शब्द इंजिनीअर त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते, म्हणून तर त्या वाक्यात गंमत आहे. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. आपण सगळे या गोष्टीतला पतंग लक्षात ठेवतो. माझ्या मते लक्षात ठेवायची ती नोंद. टेस्ट कोणती, सुरू कधी झाली, बिघाड कधी सापडला, पॅनेल कोणतं, रिले कितवा आणि सोबत प्रत्यक्ष पुरावा! इतक्या वर्षांनीही आपण सांगू शकतो, की बिघाड नेमका कुठे होता. माझ्या शीटवरून मी आदल्या रात्रीचंही सांगू शकत नव्हतो.

तर मग लॉगमध्ये असावं काय? आमच्या ग्रुपने ठेच खाऊन जी यादी केली ती अशी.

१. कोणता कोड? टेस्ट कोणत्या कमिटवर चालली त्याचा नंबर. आणि कमिट न केलेले बदल तसेच पडून असतील तर तेही स्पष्ट लिहावं. नाहीतर ‘त्या दिवशी जे फेल झालं’ ते आज कोणाकडेच नसतं.

२. कुठे? ऑपरेटिंग सिस्टिम, भाषेचं आणि लायब्ररींचं व्हर्जन, सर्व्हरचा पत्ता, टाइमझोन. हे सगळं सूट सुरू होताना एकदाच छापायचं. आठदहा ओळींचं काम आहे.

३. कधी? नुसती तारीख नाही. तास, मिनिट, सेकंद आणि पुढे ‘+०५:३०’ असा वेळेचा फरक. दोन मशीन गुंतल्या असतील तर दोघींची घड्याळं. आमचं सगळं रामायण या एका ओळीत संपलं असतं.

४. काय दिलं, काय हवं होतं, काय मिळालं? ही तिन्ही हवीत. पायथॉनच्या युनिटटेस्टमध्ये दोन गोष्टी समान आहेत का हे ‘असर्टट्रू’ने तपासलं आणि ते फेल झालं, तर मेसेज येतो, ‘फॉल्स इज नॉट ट्रू’. असत्य हे सत्य नाही! एकदम वेदान्त. ज्ञान म्हणून उत्तम, पण डीबगिंगला उपयोग शून्य. त्याऐवजी ‘असर्टईक्वल’ वापरलं तर दोन्ही किमती छापून येतात. एक शब्द बदलायचा, एक तास वाचतो.

५. कोणतं बियाणं? टेस्टमध्ये रँडम आकडे वापरले असतील तर त्यांचं सीड छापलंच पाहिजे. तेच बी पेरलं तर तेच आकडे उगवतात आणि तोच फेल पुन्हा बघता येतो. काही वेळा आपण रँडम वापरतोय हे आपल्याला माहीतही नसतं. पायथॉनमध्ये २०१२ सालच्या ३.३ व्हर्जनपासून शब्दांचे हॅश प्रत्येक रनला मुद्दाम वेगळे केले जातात. त्यामुळे शब्दांच्या सेटमधून नावं बाहेर पडण्याचा क्रम दर वेळी बदलू शकतो. आमच्या मेन्यूच्या टेस्टमध्ये कधी ‘पोळी, भाजी’ यायचं, कधी ‘भाजी, पोळी’, आणि टेस्ट मनाला येईल तेव्हा फेल व्हायची. शीटमधल्या उरलेल्या तीन लाल ओळींपैकी दोन याच होत्या.

६. कोणत्या क्रमाने? एका टेस्टने डेटाबेसमध्ये टाकलेला कचरा दुसरीच्या पायात येतो. जावामध्येही हे घडलेलं आहे. २०११ साली आलेल्या जावा ७ मध्ये क्लासमधल्या मेथड कोणत्या क्रमाने मिळतील याचा भरवसा राहिला नाही, आणि नकळत क्रमावर विसंबून असलेल्या टेस्ट कोसळायला लागल्या. म्हणून जेयुनिटच्या ४.११ व्हर्जनला ठरावीक क्रम लावावा लागला. तेव्हा कोणतीनंतर कोणती चालली ते लॉगमध्ये असावं.

७. पुन्हा कसं चालवायचं? फेल झालेल्या प्रत्येक टेस्टखाली, तीच एक टेस्ट त्याच सीडने परत चालवायची कमांड तयार छापून द्यावी. वाचणाऱ्याने ती उचलायची आणि चिकटवायची. पहाटे तीन वाजता हे उपकार कोणी विसरत नाही.

आता काही जण म्हणतील, एवढा उपद्व्याप कशाला? टेस्ट अधूनमधून फेल होते, पुन्हा चालव, होईल पास. हा आजार आपल्याकडेच आहे असं नाही. गूगलने २०१६ साली स्वतःच सांगितलं होतं, की त्यांच्याकडच्या टेस्टच्या सुमारे दीड टक्का रनचे निकाल असे लहरी असतात, आणि जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार लहरीपणा असतो. पण लहरी म्हणून सोडून दिलेल्या गोष्टी पुढे कुठे भेटतील सांगता येत नाही. मार्स पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी त्यातला कॉम्प्युटर आपोआप रीसेट व्हायला लागला. रीसेट झाला की त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर. हीच गडबड उतरण्यापूर्वीच्या चाचण्यांमध्ये दिसली होती, पण मागोवा घेताना ती पुन्हा घडवता आली नव्हती. शेवटी तारलं कोणी? लॉगनेच. यानाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणतं टास्क कधी थांबलं, कधी सुरू झालं याची नोंद ठेवण्याची सोय इंजिनीअरांनी काढून न टाकता तशीच ठेवली होती. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर ती नोंद चालू करून त्यांनी रीसेट पुन्हा घडवला आणि कारण सापडलं. कमी महत्त्वाचं हवामानाचं टास्क एक कुलूप धरून बसायचं, आणि जास्त महत्त्वाचं टास्क त्याची वाट बघत ताटकळायचं. ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना जे प्रायॉरिटी इन्व्हर्जन आपण पाच मार्कांसाठी पाठ करतो, तेच! दुरुस्ती पृथ्वीवरूनच पाठवली गेली.

दुसरं टोक म्हणजे सगळंच लिहून ठेवायचं. उत्साहाच्या भरात आम्ही तेही केलं. प्रत्येक फंक्शनमध्ये प्रिंट, प्रत्येक लूपमध्ये प्रिंट. एका रनचा लॉग इतका लांब, की ‘फेल’ शब्द शोधायलाच सर्च मारावा लागे. तीन दिवसांनी कोणीच तो उघडेना. पुराच्या पाण्यात प्यायला पाणी नसतं तशातली गत. मग एक नियम केला: टेस्ट पास झाली तर एक ओळ, फेल झाली तर सगळी कुंडली. पायटेस्ट हे मुळातच करतं. टेस्ट चालताना छापलेलं सगळं ते पोटात ठेवतं आणि टेस्ट फेल झाली तरच बाहेर काढतं. आपल्याला फक्त तेवढं येऊ द्यायचं असतं. मी नेमकं तेच फेकून देत होतो.

आणखी एक पथ्य. लॉग आणि डेटा वेगवेगळ्या वाटेने जाऊ द्या. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. त्यातलं ६४ बिटांची संख्या १६ बिटांत कोंबण्याचं प्रकरण आपल्या सगळ्यांना लेक्चरमध्ये सांगतात. त्याच्या पुढची पायरी फारशी कोणी सांगत नाही. संख्या मावली नाही म्हणून दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली, आणि बंद पडताना तिने आपल्या बिघाडाची माहिती त्याच तारेवर पाठवली जिच्यावरून एरवी उड्डाणाचे आकडे जायचे. मुख्य कॉम्प्युटरने ती बिघाडाची नोंद खरे आकडे समजून वाचली आणि रॉकेटची नळकांडी पार वळवली. म्हणजे आजारी माणसाचं दुखणं डॉक्टरऐवजी ड्रायव्हरने ऐकलं, तेही रस्ता विचारताना!

आणि काही गोष्टी लॉगमध्ये मुळीच नकोत. मे २०१८ मध्ये ट्विटरने जाहीर केलं, की एका बगमुळे लोकांचे पासवर्ड त्यांच्या अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले गेले होते, आणि सगळ्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला द्यावा लागला. आमच्या प्रिंटच्या पुरातही मुलामुलींचे मोबाईल नंबर वाहत होते. लीडर मॅडमनी ते पाहिलं आणि त्याच संध्याकाळी खरे नंबर काढून टेस्टमध्ये खोटे टाकायला लावले. मुलींच्या हॉस्टेलचे नंबर चौघांच्या लॅपटॉपवर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पडलेले असणं हा काही चेष्टेचा विषय नाही.

आता थोडं आपल्याच घरातलं. प्रॅक्टिकलला आपण काय करतो? ग्राफ सरळ रेषेत आला पाहिजे म्हणून आधी रेषा काढतो आणि मग तिच्यावरून रीडिंग ‘घेतो’. मागच्या बॅचचं जर्नल बघून निष्कर्ष उतरवतो. ‘आउटपुट व्हेरिफाइड’ लिहिलं की सही मिळते. चार वर्षं हीच सवय लागलेल्या हाताने पुढे टेस्टचा लॉग प्रामाणिक लिहावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. फसलेलं रीडिंग खोडून न टाकता तसंच ठेवावं आणि शेजारी ‘त्या वेळी सप्लाय डळमळत होता’ एवढं लिहावं, याला एक तरी मार्क मिळायला हवा. माझ्या मते डीबगिंगचा पहिला धडा कॉम्प्युटर लॅबमध्ये शिकवण्यापेक्षा फर्स्ट इयरच्या फिजिक्सच्या जर्नलमध्येच शिकवावा.

राहता राहिला घुबड. सोमवारी त्याच्या रूमवर गेलो. दुपारचे दोन, म्हणजे त्याची पहाट. लॅपटॉप उघडून दोन तारखा शेजारीशेजारी दाखवल्या. त्याने पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि फक्त “हं” म्हणाला. मी सॉरी म्हणालो. सरांकडेही आम्ही चौघं मिळून गेलो आणि सगळं सांगितलं. सरांनी शीट परत उघडली, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मीही हीच शीट बघून बोललो होतो.” टर्मवर्कचं काय झालं ते लिहीत नाही, पण अन्याय झाला नाही.

शीटमधला नावाचा रकाना मी काढून टाकणार होतो. घुबडानेच थांबवलं. म्हणाला, “नाव राहू दे रे. फेल झाल्यावर विचारायचं कोणाला हे कळलं पाहिजे ना? फक्त त्याच्याशेजारी वेळ टाक, आणि बाकीचं सगळं टाक.” दोन महिने ज्या रकान्याने त्याला छळलं तोच ठेवायला सांगणारा हा माणूस, आणि आम्ही त्याला झोपाळू म्हणत होतो!

थर्ड इयरच्या मंडळींनो, पुढच्या वर्षी तुमचे प्रोजेक्ट सुरू होतील. ग्रुप कराल, काम वाटून घ्याल, भांडालही. टेस्ट लिहाल तेव्हा पहिल्याच दिवशी अर्धा तास काढून लॉग नीट करा. तो वाचणारा माणूस त्या वेळी तिथे नव्हता, असं धरून लिहा. बहुतेक वेळा तो माणूस तुम्हीच असाल, पण कधीकधी त्या नोंदीवर दुसऱ्याचे मार्क आणि तुमची मैत्री टांगलेली असेल. आणि टेस्ट फेल झाली की पुन्हा चालवायच्या आधी काय दिसतंय ते लिहून ठेवा.

हो, आमच्या अ‍ॅपमध्ये आता रात्री एक वाजता टाकलेला खाडा बरोबर दिवसाला लागतो. मेसवाले मामा मात्र अजूनही वहीत लिहितात. विचारलं तर म्हणाले, “तुमचं घड्याळ परत बिघडलं तर?”